यशोगाथेतली मधली वर्षं कुठं जातात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, आमच्या घरी बाबांच्या वेळपासून हाच पेपर येतो. पुरवणीत एखाद्या तरुण उद्योजकाची गोष्ट आली की मी ती न चुकता वाचतो, आणि माझ्या वर्कशॉपमधे येणारा एक पोरगा तर ती कापूनच ठेवतो, त्याच्या बॅगेत अशी पंधरा-वीस कात्रणं असतील. मागच्या आठवड्यात त्यानं त्यातली चार-पाच टेबलावर पसरली आणि मला म्हणाला, "काका, हे पाहा, सगळ्यात एक गोष्ट सेम आहे. आधी लिहिलंय नोकरी सोडली, घरच्यांचा विरोध, खिशात पैसे नाहीत. आणि पुढच्याच ओळीत आज त्यांच्याकडे चाळीस लोक कामाला आहेत. मधे काय झालं ते कुठंच नाही." मी चष्मा लावून वाचलं, खरंच नव्हतं. एका गोष्टीत तर एका पूर्णविरामात सात वर्षं गेली होती.

मला त्या सात वर्षांबद्दल लिहायचं आहे, कारण माझी तशी वर्षं मला दिवसवार आठवतात आणि मला वाटतं पोरांना हिंमत द्यायची असेल तर तीच सांगावी लागतील. पत्र लांबलं तर माफ करा, पण हे दोन ओळीत सांगायचं प्रकरण नाही.

मी कूलर बनवतो. नागपुरात नंदनवनमधे माझं छोटं वर्कशॉप आहे, सीझनमधे सहा जण असतो आणि बाकी वर्षभर दोन. नागपूरच्या माणसाला कूलर म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, होळी झाली की माळ्यावरून, गच्चीवरून कूलर खाली येतात, खस बदलायची, पंप पाहायचा, खिडकीत बसवायचा आणि मग मृग लागेपर्यंत तो घरातल्या माणसासारखा दिवसरात्र घरघरत असतो. मुंबईच्या लोकांना हे कळत नाही, तिथं हवेतच इतका ओलावा की कूलर लावला तर अंग अजून चिपचिप होतं. आपल्याकडे एप्रिल-मे मधे हवा कोरडी ठाक असते म्हणून पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एवढ्या साध्या गोष्टीवर अख्खा विदर्भ उन्हाळा काढतो.

आता मला या कामाची आवड कशी लागली ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की एखाद्या दिवशी आतून आवाज येतो. मला कुठलाही आवाज आला नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या शेजारच्या काकू बादलीनं कूलरमधे पाणी टाकत होत्या आणि त्यांना असा झटका बसला की बादलीसकट त्या मागे फेकल्या गेल्या. वाचल्या, पण हात कितीतरी दिवस थरथरायचा. त्यानंतर वस्तीतल्या सगळ्या बायका एकमेकींना सांगायच्या, लाकडी पाटावर उभं राहून पाणी टाकत जा. मला तेव्हाच वाटलेलं की पाटावर कशाला उभं राहायचं, कूलरच का नाही नीट करत कोणी. एवढंच. याला पॅशन म्हणतात हे मला चाळिशीत कळलं, एका भाषणात ऐकून. तोपर्यंत मी त्याला "ते डोक्यातून जात नाही" असंच म्हणत होतो.

पुढे आयटीआय केलं, फिटर झालो, हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत लागलो. काम चांगलं होतं, पगार वेळेवर होता, कोणाबद्दल तक्रार नाही. पण घरी आलो की गच्चीवर पत्रा घेऊन बसायचो. माझ्या डोक्यात दोन गोष्टी होत्या, एक तो करंट आणि दुसरी गळती. टिनाच्या कूलरची खालची टाकी, आम्ही तिला टप म्हणतो, ती चार तुकडे जोडून बनते आणि कोपऱ्यावर जोड येतो. नागपूरचं पाणी क्षाराचं, तो पांढरा थर जोडावर बसतो, पत्रा तिथंच गंजतो आणि दोन उन्हाळ्यात कोपरा गळायला लागतो. मग लोक एमसील लावतात, डांबर लावतात, खाली तगारी ठेवतात. मला वाटायचं की पाण्याच्या पातळीखाली जोडच नसला तर? एकाच पत्र्याला कोपऱ्यात न कापता पाकिटासारखी घडी घालता आली तर?

मी आधी कागदावर करून पाहिलं. घरात लग्नाच्या पत्रिकांचा ढीग होता, जाड कागद, त्याच्या मी घड्या घालायचो, जेवताना पण. बायको म्हणायची आता पत्रिका संपल्या, कोणाचं तरी लग्न ठरू द्या. कागदावर जमलं ते पत्र्यावर जमेना, कारण पत्र्याला जाडी असते, घडीच्या आत घडी गेली की तिसरा पदर बसायला जागाच राहत नाही. लाकडी हातोड्यानं मारत बसलो की पत्र्याला चीर जायची. इतवारीत लोहाओळीत जाऊन जरा पातळ गेजचा पत्रा आणला, तर तो पाणी भरल्यावर पोट काढायचा. शेवटी घडीची रेघच दीड सूत आत घेतली तेव्हा जमलं, आणि मी रात्री साडेअकराला त्यात पाणी भरलं, खाली तुमचाच पेपर अंथरला, कारण पेपर ओला झाला की बारीक गळतीसुद्धा लगेच दिसते, आणि सकाळी उठून आधी पेपर उचलून पाहिला. कोरडा होता. त्या सकाळी मी कंपनीत गेलो तेव्हा कोणाला काही सांगितलं नाही पण दिवसभर हात हलके वाटत होते. हे २००८ चं आहे.

आता मधली वर्षं.

२००९ च्या उन्हाळ्यात मी १४ कूलर बनवले. एकाला साधारण २९०० रुपये खर्च आला, म्हणजे ४०६०० रुपये गेले, ते पीएफमधून काढलेले आणि थोडे मेहुण्याकडून घेतलेले. ३६०० ला एक अशा भावानं ९ विकले, ३२४०० आले. म्हणजे ८२०० रुपये अडकले आणि पाच कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली अख्खा पावसाळा पडून राहिले. त्या नऊमधले चार परत आले, गळती म्हणून नाही, टप एकही गळला नाही, पण मी पंप स्वस्तातले घेतले होते ते जळायला लागले. ऐन मे महिन्यात दुपारी दोनला लोकांचे फोन, घरात म्हातारी माणसं, लहान लेकरं, आणि मी कंपनीत शिफ्टमधे. बायको पंप पिशवीत टाकून स्कूटीवर जायची आणि बदलून यायची, ती शिवणकाम करायची, तिनं दोन दिवसात पंप बदलणं शिकून घेतलं. हे मी मुद्दाम लिहितोय कारण गोष्टीत नेहमी एकच माणूस असतो.

नोकरी मी लगेच सोडली नाही. तीन वर्षं दोन्ही केलं. आजकाल पोरांना जो येतो तो सांगतो की उडी मारा, जळालेल्या पुलावरून परत येता येत नाही म्हणून माणूस पुढे जातो वगैरे. मला हा सल्ला मनापासून चुकीचा वाटतो. माझा पगार चालू होता म्हणून मी त्या चार लोकांचे पंप हुज्जत न घालता फुकट बदलून देऊ शकलो, पगार नसता तर मी पण म्हटलं असतं की पंपाची गॅरंटी आमची नसते, आणि तिथंच माझं नाव गेलं असतं.

तिसऱ्या वर्षी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी सगळ्यात मोठा फटका बसला. एका हॉस्टेलवाल्यानं एकदम ३० कूलरची ऑर्डर दिली. मी उधारीवर पत्रा उचलला, मोटारी उचलल्या, दोन पोरं कामाला ठेवली, वेळेत माल दिला. पैसे यायला १४ महिने लागले आणि तेही पूर्ण आले नाहीत. त्या १४ महिन्यात मी रोज सकाळी उठायचो ते त्या माणसाला फोन करायचा की नाही या विचारानं. कूलरचा विचार डोक्यात यायचाच नाही. पत्रा हातात घेववत नव्हता. आवड मेली असं मला वाटलं होतं, मी घरी बोललोही की मला आता यातलं काहीच आवडत नाही, परत नोकरी पाहतो. खरं म्हणजे आवड मेली नव्हती, तिच्यावर उधारीचं ओझं पडलेलं होतं, पण आतून दोन्ही सारखंच वाटतं हो. कितीतरी पोरं याच ठिकाणी धंदा सोडतात आणि स्वतःला सांगतात की हे माझं पॅशन नव्हतंच.

मला तेव्हा माहीत नव्हतं ते इथं लिहितो, कोणाच्या तरी कामी येईल. लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, त्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला की जास्तीत जास्त ४५ दिवसात पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. तक्रार करायला २०१७ मधे समाधान नावाचं सरकारी पोर्टल सुरू झालं. पण लघु उद्योग म्हणून तुमची सरकारी नोंदणी माल देण्याच्या आधीच करून ठेवा, नंतर केली तर वाद होऊ शकतो. ती उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, एक पैसा लागत नाही, तरी माझ्याच गल्लीत लोकांनी एजंटला दोन-दोन हजार दिलेले मी पाहिले. आता तर आयकरातही आलंय, एप्रिल २०२४ पासून, की अशा छोट्या कारखानदाराचे पैसे मुदतीत नाही दिले तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच दाखवता येतो. त्या २००६ च्या कायद्याचं मला २०११ मधे कोणी सांगितलं असतं, आणि चार ओळींची पावती कशी बनवायची हे सांगितलं असतं, तर मला वाटतं त्याचा मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

मग मी सोडलं का नाही? खूप मोठं कारण नाही. मार्च महिन्यात एका आजींचा फोन आला, सक्करदऱ्याच्या, पहिल्या नऊ कूलरमधला एक त्यांच्याकडे होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या कूलरला हात लावून पाणी टाकते मी, भीती नाही वाटत. माझ्या लेकीला पण एक पाहिजे, तिच्याकडे लहान बाळ आहे." मी फोन ठेवला आणि वर गच्चीवर जाऊन बसलो. ती शेजारची काकू, तो लाकडी पाट, सगळं डोळ्यासमोर आलं. त्यांना हे माहीत पण नव्हतं की मी अर्थिंगची तार प्रत्येक कूलरच्या बॉडीला वेगळा बोल्ट घालून लावतो आणि थ्री-पिनशिवाय कूलर देतच नाही. लेकीसाठी कूलर मी चार दिवसात बनवून दिला आणि पुन्हा कामाला लागलो. त्या फोनच्या आधी आठ महिने मी प्रेरणा शोधत होतो, पुस्तकं वाचत होतो, सकाळी पाचला उठून पाहिलं, काही झालं नाही.

आता या पोराबद्दल सांगतो. मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून दोन वर्षं झाली. दिवसभर लायब्ररीत सीट लावून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, संध्याकाळी तासभर माझ्याकडे, तेही त्याच्या वडिलांनी सांगितलं म्हणून, आणि रात्री मोबाइलवर मोटिवेशनचे व्हिडिओ. एकदा मला पण घेऊन गेला होता एका हॉलमधे. माइकवर एक माणूस जोरात बोलून राहिला, पोरं टाळ्या वाजवून राहिली, शेवटी सगळ्यांना उभं करून ओरडायला लावलं की मी करू शकतो. मी त्या माणसाला वाईट म्हणत नाही, तो मन लावून बोलत होता. पण बाहेर पडल्यावर पार्किंगमधे मी पोराला विचारलं, काय करू शकतो? तो गप्प झाला. दोन दिवस तो खूप उत्साहात होता, तिसऱ्या दिवशी परत आडवा पडला आणि वर अजून एक दुःख घेऊन बसला, की बाकी सगळ्यांना मोटिवेशन मिळालं, मलाच टिकत नाही, माझ्यातच काही कमी आहे.

मला हे फार लागतं. चांगली पोरं आहेत हो. त्यांना कोणी काही करून पाहायला देत नाही आणि विचारतात मात्र की तुझं पॅशन काय. ज्यानं आयुष्यात पत्रा कापला नाही, कापड बेतलं नाही, वीस माणसांचं एकदम जेवण केलं नाही, रोपं लावून जगवली नाहीत, तो कुठून सांगेल त्याला काय आवडतं?

मे महिन्यात एक दिवस काय झालं ते ऐका. दुपारी साडेतीनची वेळ, लायब्ररीतली लाइट गेली म्हणून तो माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं तुझ्या पुस्तकात वेट बल्ब टेंपरेचर असतं ना, मला सांग ते काय. त्यानं व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली, सोप्या भाषेत सांगायचं तर ओला कापूस गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात उतरत उतरत जिथं थांबतो ते तापमान, नुसतं पाणी उडवून हवा त्याच्या खाली थंड होत नाही. मी म्हटलं मोजून दाखव. त्याला मोजायचं कसं तेच माहीत नव्हतं, परीक्षेत पंधरा मार्कांना आलेलं होतं. आम्ही दोन साधे थर्मामीटर घेतले, एकाच्या बुडाला दिव्याच्या वातीचा कापूस गुंडाळला, पाण्यात भिजवला आणि टेबलफॅनच्या हवेत दोन्ही टांगले. कोरडा ४२ वर. ओला उतरायला लागला, ३५, ३०, २६, आणि २३ वर येऊन थांबला. पोरगा त्या थर्मामीटरसमोरून हलेना. म्हणाला काका म्हणजे आज कूलरची हवा जास्तीत जास्त २३ पर्यंतच जाऊ शकते, आपला कूलर किती देतो? मोजलं, २८ देत होता. "मग हे मधले पाच डिग्री कुठं गेले?" त्यानं मला विचारलं, आणि खरं सांगतो, इतक्या वर्षात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मी पण स्वतःला नव्हता विचारला.

त्या दिवशी तो रात्री दहाला घरी गेला. खसेचा थर जाड केला तर हवा कमी येते, पातळ केला तर थंड कमी होते, पाणी वरून सगळीकडे सारखं पडतं की नाही, कोपऱ्यात कोरडे पट्टे राहतात का, हे सगळं तो टॉर्च घेऊन पाहत होता. कोरडे पट्टे सापडले. पाण्याच्या नळीची भोकं क्षारानं बुजली होती, सुईनं साफ केली तर एक डिग्री तिथंच मिळाली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून थेट आला, वही घेऊन. त्याला कोणी मोटिवेट केलं नव्हतं. त्याला पाच डिग्रीचा हिशोब लागत नव्हता.

संपादक साहेब, आपल्याच गावातली मोठी गोष्ट घ्या. माझे बाबा एम्प्रेस मिलमधे होते, त्यामुळे आमच्या घरी जमशेदजी टाटांचं नाव देवासारखं घ्यायचे. सगळ्यांना एवढं माहीत असतं की १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली आणि पुढे टाटा मोठे झाले. पण मधलं कोण सांगतं? कापूस विदर्भात, म्हणून मुंबई सोडून इथं मिल काढायची हे त्या काळी लोकांना वेडेपणाच वाटला होता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली, भर घालायला लागले, तर इथल्या एका सावकारानं भांडवल द्यायला नकार दिला की हा माणूस सोनं मातीत घालून राहिला. सुरुवातीला आणलेली मशिनरी हलकी निघाली, ती बदलावी लागली. गावात कोणाला गिरणीत रोज वेळेवर यायची सवय नव्हती, हजेरीचे हाल, मग बक्षिसं ठेव, सोयी कर असं करत माणसं टिकवली. आणि मॅनेजर कोण नेमला तर बेझनजी मेहता, जे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, त्यांना कापडाच्या धंद्याची काही माहिती नव्हती. त्यांनी ते तिथंच उभं राहून शिकून घेतलं आणि मिल नावारूपाला आणली. रिंग स्पिंडल नावाची नवी चाती जेव्हा बाकीचे लोक हात लावायला घाबरत होते तेव्हा या मिलमधे लावून पाहिली. पुढे त्या सावकारानंच म्हटलं म्हणतात की यानं मातीत सोनं नाही घातलं, माती घातली आणि सोनं काढलं. मिल आता नाही, २००२ ला बंद झाली, तिथं मॉल आहे आणि पोरं तिथं फिरायला जातात. मी या पोराला तिथं उभं राहून बेझनजींची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, हे शाळेत का नाही सांगितलं? कारण त्याला वाटत होतं की ज्याला आधीच सगळं येतं तोच धंदा करतो.

आणखी एक बोलायचं आहे, ते थोडं घरातलं आहे. आपल्याकडे हाताच्या कामाला मान नाही. माझ्याकडे एक कारागीर आहे, तिशीतला, महिन्याला एखाद्या ऑफिसच्या पोरापेक्षा जास्त कमावतो, हात असा की त्यानं मारलेला रिव्हेट डोळे झाकून ओळखू येतो. त्याचं लग्न तीन ठिकाणी मोडलं. मुलगा काय करतो? कूलर बनवतो. बस, पुढे बोलणंच नाही. मुलीच्या वडिलांना दोष देत नाही, त्यांना पण काळजी असते, पण मग पोरांनी हिंमत कुठून आणायची? घरातला मुलगा पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय म्हटलं की लोक मान डोलावतात, आणि तोच मुलगा सहा महिने टपरीवर पोहे विकतो म्हटलं की आईला तोंड लपवावंसं वाटतं. तर्री पोहे खायला मात्र सगळं नागपूर सकाळी सहाला रांगेत उभं असतं. नोकरी करू नका असं मी कोणाला म्हणणार नाही, मी स्वतः अकरा वर्षं केली आणि तिथंच शिस्त शिकलो. एवढंच म्हणतो की पोराला काही करून पाहायचं असेल तर एक वर्ष त्याला वेळ द्या, घरात टोमणे नका मारू, आणि हिशोबाची वही मात्र त्याच्याकडून रोज लिहून घ्या.

वहीचं महत्त्व मला बायकोनं शिकवलं. तिनं पहिल्या दिवसापासून एका शंभर पानी वहीत लिहिलं, कोणता पंप कोणत्या कूलरमधे, कधी जळाला, किती रुपये. तिसऱ्या वर्षी तीच वही पाहून कळलं की मी कमावतो ते नवीन कूलरवर नाही, जुन्यांच्या दुरुस्तीवर आणि खस बदलण्यावर. मला नवीन बनवायचीच हौस, दुरुस्ती मला कंटाळवाणी वाटायची. पण ते कंटाळवाणं काम धरलं म्हणून घर चाललं, आणि दुरुस्तीला आलेले दुसऱ्यांचे शेकडो कूलर उघडून पाहिले म्हणून मला कळलं की लोकांच्या घरी नेमकं काय बिघडतं. माझ्या टपाला आज जो एक बोट उतार आहे आणि कोपऱ्यात बूच आहे, सगळं पाणी निघून जायला, तो त्यातूनच आला. सीझन संपल्यावर कूलरच्या तळाशी पाणी राहतं आणि त्यात डेंग्यूचे डास होतात, महानगरपालिकेचे लोक घरोघरी कूलर तपासत फिरतात ते याच्यासाठीच. हे मला गच्चीवर बसून कधीच सुचलं नसतं.

कर्जाबद्दल पण एक सांगतो कारण पोरं यावर फार स्वप्नं बांधतात. पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, ही कर्ज आणि सबसिडीची सरकारी योजना चांगली आहे, उत्पादनासाठी ५० लाखापर्यंत आणि सेवेसाठी २० लाखापर्यंतचा प्रकल्प बसतो, शहरात सर्वसाधारण गटाला १५ टक्के सबसिडी आणि ग्रामीण भागात विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) ३५ टक्क्यांपर्यंत. पण सबसिडी हातात मिळत नाही, ती तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेव म्हणून अडकून असते आणि धंदा चालू राहिला तरच कर्जात वळती होते. ज्यांना वाटतं सबसिडी आली की गाडी घेऊ त्यांनी आधी हे समजून घ्यावं. छोट्या कामाला मुद्रा या सरकारी योजनेतलं शिशु कर्ज असतं, ५०००० पर्यंत. मी सांगेन की पहिल्या वर्षी तेही घेऊ नका, आधी दहा वस्तू बनवा, दहा अनोळखी लोकांना विका, नातेवाईक धरायचे नाहीत. मी जिल्हा उद्योग केंद्रात गेलो तेव्हा तिथल्या एका साहेबांनी मला तासभर बसवून फॉर्म समजावून सांगितला होता, तो माणूस मी विसरलो नाही, विचारलं तर सांगणारे लोक भेटतात.

आता माझी विनंती. तुमच्या पुरवणीत यशोगाथा छापता त्या बंद नका करू, पोरं त्या खरंच वाचतात. पण त्या माणसाला दोन-चार गोष्टी आणखी विचारत जा. दुसऱ्या वर्षी घर कसं चाललं, कोणाच्या पगारावर? सगळ्यात मोठी उधारी किती बुडाली? सोडून द्यावंसं वाटलं तेव्हा त्या आठवड्यात नेमकं काय केलं? आणि आकडे छापा, रुपयांत, लाजायचं काही कारण नाही. आणि महिन्यातून एकदा तरी अशा माणसाची गोष्ट छापा ज्यानं धंदा बंद केला. नाव नका देऊ पाहिजे तर. त्याला काय कळलं, कुठं चुकलं, आता काय करतो. आपल्याकडे बुडालेला माणूस गावात मान खाली घालून फिरतो आणि त्याच्या डोक्यातलं सगळं शहाणपण तसंच वाया जातं, आणि पुढचा पोरगा त्याच खड्ड्यात पडतो.

आणि दुसरी विनंती कॉलेजवाल्यांना, तुमच्या मार्फत. भाषणं ठेवता त्याच्या निम्म्या खर्चात एक शेड संध्याकाळी उघडी ठेवा. एक वाइस (पत्रा घट्ट धरायला), एक कातर, दोन शिलाई मशीन, एक शेगडी, एक वजनकाटा, आणि लक्ष ठेवायला एक रिटायर झालेला कारागीर, असे कितीतरी लोक या गावात घरी बसून आहेत, मिलमधले, रेल्वेतले, एमआयडीसीतले, त्यांना बोलावलं तर ते चहावर येतील. पोरांना तिथं नापास व्हायची भीती नको, मार्क नकोत, सर्टिफिकेट नको. माझं वर्कशॉप जुलैपासून होळीपर्यंत तसं रिकामंच असतं, संध्याकाळी सहा ते नऊ कोणीही यावं, मी फी घेत नाही, फक्त चप्पल नको, बूट घालून या, पत्रा कापतो. पत्ता तुमच्याकडे वेगळ्या कागदावर दिला आहे, कोणी मागितला तर द्या.

पोराचं विचाराल तर त्यानं परीक्षा सोडलेली नाही, मी सोड म्हणणार पण नाही, फॉर्म भरलाय त्यानं. पण सध्या तो संध्याकाळी एक लहान कूलर बनवून राहिला आहे, एका पलंगापुरता, हॉस्टेलच्या पोरांसाठी, ज्यांच्या खोलीत मोठा बसत नाही. टप पुन्हा एकाच पत्र्याचा पाहिजे असा त्याचाच हट्ट आहे. पहिले तीन गळले, तिसरा तर दुसऱ्यापेक्षा जास्त गळला आणि तो दोन दिवस आलाच नाही. परवा आला, न बोलता रेघ आखायला बसला. चौथ्यात काल रात्री पाणी भरून ठेवलंय आणि खाली पेपर अंथरलाय. हे पत्र टाकून मी तिकडेच चाललो, तो सकाळी साडेसातलाच येऊन बसला असेल पण मी आल्याशिवाय पेपर उचलणार नाही म्हणाला.

आपला नम्र,
एक कूलरवाला वाचक
नंदनवन, नागपूर